एकच वेब सर्व्हिस, पाच भाषांतले क्लायंट: कुठे उसवतं आणि आधीच कसं शिवून घ्यायचं

आपली सर्व्हिस पोस्टमनमध्ये झकास चालते, आपल्या टेस्ट सगळ्या हिरव्या असतात, आणि मग समोरच्या टीमचा मेसेज येतो की तुम्ही पाठवलेला आयडी आमच्याकडे सापडतच नाहीये. तुम्ही लॉग उघडता, तिथे ९००७१९९२५४७४०९९३ गेलेला दिसतो. ते स्क्रीनशॉट पाठवतात, त्यांच्याकडे ९००७१९९२५४७४०९९२ आलाय. फक्त शेवटचा आकडा वेगळा. नेटवर्कने काही खाल्लं नाही, कुणी टाइप करताना चुकलं नाही, दोन्ही बाजूंचा कोड आपापल्या जागी बरोबर आहे आणि तरी डेटा बिघडलाय.

वेगवेगळ्या भाषांतल्या क्लायंटसोबत, म्हणजे आपली सर्व्हिस वापरणाऱ्या प्रोग्रामसोबत, काम करताना येणाऱ्या जवळपास सगळ्या अडचणी याच जातीच्या असतात. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: तुमचा करार म्हणजे तुमचे क्लास नाहीत, तुमचे टेबलही नाहीत, करार म्हणजे तारेवरून जे बाइट जातात ते. समोरचा जावात असो, गोमध्ये असो की पायथनमध्ये, त्याला तुमचा ऑब्जेक्ट कधीच दिसत नाही, त्याला बाइट दिसतात आणि त्यांचा अर्थ तो त्याच्या भाषेच्या सवयीप्रमाणे लावतो. खाली मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने सांगतोय.

पहिली पायरी: कोडच्या आधी नमुना, तोही हाताने

फ्रेमवर्कला क्लास देऊन "जे बाहेर पडेल ते आपलं एपीआय" असं करू नका. एक साधी टेक्स्ट फाइल उघडा आणि त्यात रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सचा जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायचा फॉरमॅट) हाताने लिहा. प्रत्येक फील्डसमोर चार गोष्टी लिहा: हे नंबर आहे की स्ट्रिंग, हे नसू शकतं का, असेल पण नल (म्हणजे 'किंमत नाही') असू शकतं का, आणि जास्तीत जास्त किती मोठं. हे कंटाळवाणं आहे खरं, पण इथे दिलेला एक तास पुढे फार कामी येतो, कारण लिहिताना तुम्हालाच प्रश्न पडायला लागतात की अरे, ऑर्डरमध्ये एकही वस्तू नसेल तर इथे काय जाणार?

फील्डच्या नावांबाबत दोनच नियम पाळा. एक, कॅमल केस घ्या किंवा अंडरस्कोअर घ्या, पण सगळीकडे एकच. दोन, फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली दोन नावं एका ऑब्जेक्टमध्ये कधीच ठेवू नका, कारण गोचं स्टँडर्ड जेसन पॅकेज नावं जुळवताना कॅपिटल-स्मॉल बघत नाही आणि डॉट नेटचं सिस्टिम टेक्स्ट जेसन डिफॉल्टने काटेकोरपणे बघतं. आणि 'क्लास', 'फ्रॉम' असले शब्द फील्डचं नाव म्हणून टाळलेले बरे, पायथनमध्ये ते राखीव शब्द आहेत, चालतं पण क्लायंट लिहिणाऱ्याला उगाच वळसा घालावा लागतो.

दुसरी पायरी: आकडे

जेसनच्या व्याकरणात नंबर म्हणजे नुसते अंक, तो किती मोठा असू शकतो यावर बंधन नाही. बंधन येतं ते वाचणाऱ्या भाषेकडून. जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर हा ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट असतो, त्यात पूर्णांक खात्रीने फक्त ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत बसतात, म्हणजे दोनाच्या त्रेपन्नाव्या घातातून एक वजा. त्यापुढचा आकडा आला की तो गुपचूप जवळच्या बसणाऱ्या आकड्यावर जातो, एररसुद्धा येत नाही. आणि हे फक्त जावास्क्रिप्टचंच दुखणं आहे असं समजू नका, गोमध्ये टाइप न देता इंटरफेसमध्ये जेसन वाचलं तर तिथेही सगळे नंबर फ्लोटच होतात. पायथन मात्र कितीही मोठा पूर्णांक जसाच्या तसा वाचतो, त्यामुळे सर्व्हर आणि टेस्ट दोन्ही पायथनमध्ये असले तर ही चूक तुम्हाला जन्मात दिसणार नाही.

ट्विटरने २०१० मध्ये मोठे ६४ बिटी आयडी आणले तेव्हा त्यांनाही प्रत्येक नंबर आयडीच्या शेजारी त्याच आयडीचं स्ट्रिंग रूप देणारं वेगळं फील्ड जोडावं लागलं. तुम्ही ते नंतर जोडण्यापेक्षा पहिल्या दिवसापासूनच करा: आयडी ही स्ट्रिंगच. त्याच्यावर कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, मग नंबर कशाला? प्रोटोकॉल बफर्स या गूगलच्या डेटा फॉरमॅटच्या जेसन रूपातसुद्धा ६४ बिटी पूर्णांक स्ट्रिंग म्हणूनच लिहिले जातात, त्याचं कारण हेच.

पैशांचं तसंच. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, तरी रक्कम नंबर म्हणून पाठवणारे एपीआय रोज दिसतात. दोन पर्याय आहेत, एकतर सगळ्यात लहान एककात पूर्णांक पाठवा किंवा दशांश स्ट्रिंग पाठवा, आणि चलनाचा कोड सोबत द्या. माझी पसंती स्ट्रिंगला, कारण सगळ्या चलनांत दशांशाचे दोनच अंक नसतात, येनला एकही नसतो आणि कुवेती दिनारला तीन असतात, आणि पूर्णांक पाठवला की "शंभराने भागायचं" हे प्रत्येक क्लायंटमध्ये कुणीतरी हार्डकोड करतंच.

आणखी दोन बारक्या जागा. काही भाषा पूर्ण किमतीचा फ्लोट 'एक पॉइंट शून्य' असा लिहितात, पायथन तसंच करतो, जावास्क्रिप्ट नुसता 'एक' लिहितो, आणि गोमध्ये ते फील्ड पूर्णांक असेल तर 'एक पॉइंट शून्य' वाचताना सरळ एरर येतो. दुसरं, पायथनचं जेसन मॉड्यूल 'नॅन' (म्हणजे 'हा नंबरच नाही') आणि 'इन्फिनिटी' हे शब्द डिफॉल्टने खुशाल बाहेर लिहितं, जे वैध जेसनच नाही, आणि ब्राउझरमधला पार्सर तिथेच पूर्ण रिस्पॉन्स फेकून देतो. म्हणजे कुठल्यातरी एका सरासरीत मोजण्यासारखं काही नव्हतं म्हणून नॅन आलं आणि अख्खं पान कोरं. पायथनमध्ये हे बंद करायचा ऑप्शन आहे, तो वापराच.

तिसरी पायरी: तारीख आणि वेळ

नियम सांगायला सोपा आहे: घडून गेलेला क्षण असेल तर आरएफसी ३३३९ चा फॉरमॅट (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे मानक दस्तऐवज), यूटीसीमध्ये म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, शेवटी झेड. ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) नसलेली वेळ कधीच पाठवू नका. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख पार्स केली तर ती यूटीसी धरली जाते, आणि तारखेसोबत वेळ असेल पण ऑफसेट नसेल तर तीच लोकल धरली जाते, हे स्पेसिफिकेशनमध्येच आहे. म्हणून जन्मतारीख साध्या तारखेसारखी पाठवली आणि क्लायंटने तिचा डेट ऑब्जेक्ट केला की ग्रिनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाला स्वतःचा वाढदिवस एक दिवस आधी दिसतो. जन्मतारीख हा क्षण नाही, ती कॅलेंडरवरची नोंद आहे, तिला क्षणाच्या टाइपमध्ये कोंबू नका, आणि क्लायंटच्या डॉक्युमेंटेशनमध्येही तसं स्पष्ट लिहा.

मग येतात सेकंदाचे अपूर्णांक, आणि इथे बरेच जण फसतात. डॉट नेटचा राउंड-ट्रिप फॉरमॅट सात अंक देतो. जावाचा इन्स्टंट गरजेप्रमाणे तीन, सहा किंवा नऊ अंक देतो, किंवा एकही देत नाही. पायथनच्या डेटटाइममध्ये सहा मावतात, जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये तीन. पायथन ३.११ च्या आधी तिथलं 'फ्रॉम आयएसओ फॉरमॅट' हे फंक्शन तीन किंवा सहा अंकच घ्यायचं, आणि शेवटचा झेडसुद्धा त्याला चालायचा नाही. जुन्या पायथनवर चालणारे क्लायंट अजूनही खूप आहेत. म्हणून ठरवून टाका: कायम बरोब्बर तीन अंक, शून्य असले तरी लिहायचे. यात अजून एक फायदा मिळतो, सगळ्या वेळा सारख्या लांबीच्या असल्या की त्या स्ट्रिंग म्हणून सॉर्ट केल्या तरी क्रम बरोबर लागतो.

पुढे होणाऱ्या गोष्टींसाठी, समजा पुढच्या वर्षीची अपॉइंटमेंट, नुसतं यूटीसी पुरत नाही, कारण मधल्या काळात एखादा देश आपली घड्याळं बदलू शकतो. तिथे लोकल वेळ आणि टाइमझोनचं नाव अशी दोन फील्ड द्या.

चौथी पायरी: नाही, नल, आणि रिकामं

ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि प्रत्येक भाषा ती आपल्या पद्धतीने एकत्र कालवते. गोमध्ये तयारच न केलेली स्लाइस जेसनमध्ये नल होते आणि तयार केलेली रिकामी स्लाइस [] होते. लिहिणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, लांबी दोन्हींची शून्यच येते, पण पलीकडे जावास्क्रिप्टमधला माणूस त्यावर मॅप चालवतो आणि स्क्रीन कोसळते. कॉटलिन किंवा स्विफ्टमध्ये ते फील्ड नल न चालणारं म्हणून लिहिलं असेल तर पूर्ण रिस्पॉन्स वाचणंच फसतं.

पीएचपीची गंमत वेगळी, तिथे यादी आणि डिक्शनरी दोन्हींसाठी एकच ॲरे असतो आणि जेसन करताना तो चाव्या बघून ठरवतो की ही यादी आहे का ऑब्जेक्ट. समजा तीन वस्तूंची यादी आहे आणि त्यातली पहिली तुम्ही 'ॲरे फिल्टर'ने गाळली. आता उरलेल्या चाव्या एक आणि दोन, शून्य नाही, म्हणून ती क्रमाने राहिली नाही, आणि बाहेर जाताना चौकटी कंसाऐवजी महिरपी कंस जातात. म्हणजे कालपर्यंत यादी येत होती, आज एका ग्राहकापुरता ऑब्जेक्ट येतोय. बाहेर पाठवण्याआधी 'ॲरे व्हॅल्यूज' फिरवा, एवढाच उपाय. उलट बाजूने, रिकामी डिक्शनरी पीएचपीतून {} ऐवजी [] म्हणून जाते, आणि काटेकोर टाइपच्या भाषेतले क्लायंट तिथे अडकतात.

माझा नियम असा: यादी कधीच नल नसते, रिकामी असेल तर []. फील्ड गाळण्यापेक्षा नल पाठवणं बरं, कारण मग नमुना बघणाऱ्याला फील्ड आहे हे तरी कळतं. अपवाद फक्त अपडेटचा. काही फील्डच बदलायची असतात तेव्हा "पाठवलंच नाही" म्हणजे हात लावू नका आणि "नल पाठवलं" म्हणजे पुसून टाका, हाच अर्थ आरएफसी ७३९६ मधल्या मर्ज पॅचमध्येही आहे. पण साध्या गो स्ट्रक्टमध्ये किंवा साध्या जावा क्लासमध्ये वाचून झाल्यावर हा फरक पुसला जातो, म्हणून अशा एंडपॉइंटला क्लायंटवाल्यांसाठी उदाहरणं जास्त द्या, निदान तीन: बदललं, पुसलं, तसंच ठेवलं.

पाचवी पायरी: मजकूर

एन्कोडिंग यूटीएफ-८, सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) नाही, आरएफसी ८२५९ मध्येही जेसनसाठी हेच सांगितलंय. पण खरी भांडणं लांबीवरून होतात. "नाव जास्तीत जास्त ५० अक्षरं" असं तुम्ही लिहिता, पण अक्षर म्हणजे काय? 'नमस्कार' घ्या. पायथन त्याची लांबी सात सांगतो, जावा आणि जावास्क्रिप्टही सातच सांगतात, गो आणि पीएचपीची साधी लांबी मोजली तर एकवीस येते कारण ते बाइट मोजतात, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतात चारच अक्षरं. त्यात इमोजी आला की पायथन एक म्हणतो, जावास्क्रिप्ट दोन आणि गो चार. म्हणून मर्यादा लिहिताना कशात मोजायची तेही लिहा, मी कोडपॉइंट लिहितो, म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक.

आपल्या लिपीत अजून एक खाच आहे. 'दऱ्या' मधला ऱ हा एकच कोडपॉइंट म्हणूनही येतो आणि र अधिक नुक्ता असे दोन मिळूनही येतो. स्क्रीनवर दोन्ही सारखे, तुलना केली तर वेगळे, आणि कुठल्या कीबोर्डवरून काय येईल ते तुमच्या हातात नसतं. सर्व्हरवर आत येतानाच एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची एकरूप करायची पद्धत) करून घ्या म्हणजे दोन्ही एकाच रूपात येतात. सगळ्या मोठ्या भाषांत त्याची सोय आहे. मात्र ज्या मजकुरावर सही केलेली आहे तो सही तपासण्याआधी नॉर्मलाइज करू नका, त्यावर खाली येतोच.

यूआरएलमध्ये स्पेसचं बघा: जावाचा यूआरएल एन्कोडर आणि पीएचपीचं साधं एन्कोड फंक्शन स्पेसचं अधिक चिन्ह करतात, जावास्क्रिप्टचं एन्कोड कंपोनंट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे वीस असं करतं. क्वेरीमध्ये बहुतेक सर्व्हर दोन्ही समजून घेतात, पाथमध्ये अधिक हे खरोखरचं अधिकच असतं. त्यामुळे माणसांनी टाइप केलेला मजकूर पाथमध्ये घेऊच नका.

सहावी पायरी: सही, म्हणजे एचमॅक

हा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण माझे सगळ्यात जास्त तास इथे गेलेत. पद्धत अशी असते की पाठवणारा बॉडीवर गुप्त किल्लीने एचमॅक (बाइट आणि किल्लीवरून निघणारा ठसा) काढतो, हेडरमध्ये टाकतो, घेणारा तेच परत काढून जुळवतो. चूक अशी होते की घेणारा आधी जेसन पार्स करतो, मग त्याच ऑब्जेक्टचं परत जेसन बनवतो आणि त्यावर सही काढतो. एकाच भाषेत दोन्ही बाजू असतील तर हे बऱ्याचदा चालूनही जातं! दोन भाषा आल्या की नाही. पायथन डिफॉल्टने स्वल्पविराम आणि कोलनच्या पुढे स्पेस टाकतो आणि देवनागरीसारखी अक्षरं बॅकस्लॅश-यू करून लिहितो. जावास्क्रिप्ट स्पेस टाकत नाही आणि अक्षरं तशीच ठेवतं. पीएचपी स्पेस टाकत नाही, पण अक्षरं एस्केप करतं आणि वर तिरप्या रेघेच्या आधीही बॅकस्लॅश लावतं. गो अक्षरं तशीच ठेवतं, पण मॅपच्या चाव्या क्रमाने लावतं आणि अँपरसँडसारखी काही चिन्हं एस्केप करतं. डेटा तोच, अर्थ तोच, बाइट चार वेगळे, सह्याही चार वेगळ्या.

म्हणून सही कायम कच्च्या बाइटवर, जसे आले तसे. क्लायंटला हे ठळक लिहून द्या आणि हेही सांगा की बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये तुमच्या हातात येईपर्यंत बॉडी पार्स झालेली असते, कच्ची बॉडी त्याआधी पकडून ठेवावी लागते. कॅनॉनिकल जेसन नावाचा रस्ता आहे, आरएफसी ८७८५, २०२० चा, पण त्याची लायब्ररी प्रत्येक क्लायंटला घ्यावी लागते, कच्चे बाइट पुरत असताना त्यात शिरू नये असं माझं मत.

आता प्रत्यक्ष घडलेलं सांगतो. एका टीमचा जावा क्लायंट आमच्याकडे सही केलेल्या रिक्वेस्ट पाठवायचा, महिनाभर सुरळीत चाललं होतं, मग मधूनच काही रिक्वेस्टची सही जुळेना. आम्ही किल्ली तपासली, घड्याळं तपासली, मधला प्रॉक्सी काही बदलतोय का ते बघितलं, दोन दिवस त्यात गेले. शेवटी फसलेल्या सगळ्या रिक्वेस्ट एका खाली एक लावल्या तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकीत नाव देवनागरीत होतं आणि चाललेल्या सगळ्यांत इंग्रजीत. त्यांचा कोड बॉडी पाठवताना यूटीएफ-८ वापरत होता, पण सही काढताना स्ट्रिंगचे बाइट घेताना एन्कोडिंग दिलेलंच नव्हतं. जुन्या जावात तसं केलं की त्या मशीनचं डिफॉल्ट एन्कोडिंग लागतं, डेव्हलपरच्या लिनक्सवर ते यूटीएफ-८ होतं, प्रॉडक्शनच्या विंडोजवर नव्हतं, तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराचं प्रश्नचिन्ह होऊन त्या प्रश्नचिन्हांवर सही होत होती. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, डिफॉल्ट यूटीएफ-८ झालंय, पण जुन्या जावावरचे सर्व्हर सगळीकडे चालू आहेत. दुरुस्ती एका शब्दाची होती.

तेव्हापासून मी सहीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक तयार उदाहरण देतोच: नकली किल्ली, नेमकी बॉडी ज्यात एक देवनागरी नाव, एक इमोजी, एक तिरपी रेघ आणि एक अँपरसँड आहे, आणि त्याची अपेक्षित सही. क्लायंट लिहिणाऱ्याने आधी तेवढं जुळवायचं, मग आमच्या सर्व्हरला हात लावायचा. सही हेक्समध्ये की बेस ६४ मध्ये, हेक्स असेल तर अक्षरं लहान की मोठी, तेही लिहायचं. बेस ६४ ला साध्या आणि यूआरएलसाठीच्या अशा दोन वर्णमाला असतात, आणि रूबीचं 'एन्कोड ६४' दर साठ अक्षरांनंतर नवी ओळ घालतं, या दोन्हींमुळे लोक अडकलेले मी बघितलेत.

सातवी पायरी: एरर आणि एचटीटीपी

दोनशेचा स्टेटस देऊन बॉडीत "सक्सेस फॉल्स" लिहू नका. कारण एररकडे बघायची प्रत्येक भाषेतल्या लायब्ररीची पद्धत वेगळी आहे: ब्राउझरचं फेच चारशे-पाचशेवर एक्सेप्शन टाकतच नाही, पायथनचं रिक्वेस्ट्ससुद्धा आपण सांगितल्याशिवाय टाकत नाही, ॲक्सिओस आणि स्प्रिंगचं रेस्ट टेम्प्लेट टाकतात. या सगळ्यांचं एकमत असलेली जागा एकच, ती म्हणजे स्टेटस कोड, तोच खोटा दिला तर धरायला काही उरत नाही. एररच्या बॉडीसाठी आरएफसी ९४५७ चा प्रॉब्लेम डिटेल्स फॉरमॅट घ्या, सोबत मशीनला वाचता येईल असा कायमचा कोड द्या, कारण तो नसला की लोक तुमच्या एररच्या वाक्यावर इफ लावतात आणि तुम्ही एक स्पेलिंग सुधारलं की त्यांचं तुटतं.

तुमच्या पुढे असलेला प्रॉक्सी पाचशे दोन देताना एचटीएमएल पाठवतो हे विसरू नका. क्लायंट ते जेसन म्हणून वाचायला जातो आणि त्यांच्या लॉगमध्ये "अनपेक्षित चिन्ह" एवढंच उरतं, खरं कारण दिसत नाही. प्रॉक्सीलाच जेसन एरर द्यायला लावा, आणि क्लायंटला आधी कंटेंट टाइप बघायला सांगा.

टाइमआउट: पायथनच्या रिक्वेस्ट्सला आणि गोच्या क्लायंटला डिफॉल्टने टाइमआउट नसतोच, डॉट नेटच्या एचटीटीपी क्लायंटला शंभर सेकंदांचा असतो. किती ठेवायचा ते तुम्ही सांगा. आणि टाइमआउट झाला की लोक परत पाठवणारच, तेव्हा पैसे किंवा ऑर्डर बनवणाऱ्या रिक्वेस्टला आयडेम्पोटन्सी की घ्या, म्हणजे तीच रिक्वेस्ट परत आली तर ओळखता येणारी खूण.

"ब्राउझरमध्ये उघडतं पण जावातून सर्टिफिकेटचा एरर येतो" अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा तुमचा सर्व्हर मधलं (इंटरमीजिएट) सर्टिफिकेट पाठवत नसतो. बरेच ब्राउझर ते स्वतः मिळवून घेतात, जावा आणि पायथन डिफॉल्टने तसं करत नाहीत. पूर्ण साखळी लावा, क्लायंटला व्हेरिफिकेशन बंद करायला कृपा करून सांगू नका. आणि याच्या उलट, "कर्लने चालतं पण ब्राउझरमधून नाही" असं असेल तर आधी कॉर्स (दुसऱ्या साइटवरच्या कोडला परवानगी द्यायचे ब्राउझरचे नियम) तपासा.

आठवी पायरी: स्कीमा आणि जनरेटर

नमुने पक्के झाले की मगच ओपन एपीआय फाइल (एपीआयचं मशीनला वाचता येणारं वर्णन) लिहा. ३.१ आवृत्ती, २०२१ ची, जेसन स्कीमाशी नीट जुळते, पण तुमच्या क्लायंटवाल्यांच्या जनरेटरला (त्या फाइलवरून कोड बनवणाऱ्या टूलला) ती झेपते का ते आधी विचारा, नसेल तर ३.० वर राहा. जनरेटर हे फक्त साधन आहे, एका प्रकारचं फील्ड की दुसऱ्या प्रकारचं अशी 'वन ऑफ' वाली रचना आली की काही भाषांत त्याचा कोड फार वाईट निघतो, म्हणून अशा रचना टाळून एक प्रकार सांगणारं फील्ड आणि साधे ऑब्जेक्ट ठेवा.

आपल्याच सर्व्हिसना आपसांत बोलायचं असेल, ब्राउझर मध्ये नसेल, तर प्रोटोकॉल बफर्सवर चालणारं जीआरपीसी चांगलं आहे, टाइपचे अर्धे वाद तिथे सुटलेले असतात. तिथला जपायचा नियम: फील्डचा क्रमांक एकदा दिला की दिला, फील्ड काढलं तरी तो क्रमांक राखीव म्हणून नोंदवा, दुसऱ्याला देऊ नका. आणि प्रोटो ३ मध्ये साध्या नंबरला "शून्य" आणि "दिलंच नाही" यांत फरक कळत नाही, हवा असेल तर ऑप्शनल लिहा.

सोप (एक्सएमएलवर चालणारी जुनी वेब सर्व्हिस पद्धत) अजून गळ्यात असेल तर जुन्या लोकांनी शिकलेलं वापरा. डब्ल्यूएस-आय या संघटनेचं बेसिक प्रोफाइल २००४ मध्ये याचसाठी आलं की डॉट नेट आणि जावा एकमेकांशी बोलत नव्हते: डॉक्युमेंट-लिटरल घ्या, आरपीसी-एन्कोडेड नको. डॉट नेटचा डेटासेट बाहेर पाठवू नका, अनसाइन्ड टाइप टाळा कारण जावात ते नाहीत.

नववी पायरी: दुसऱ्या भाषेतून टेस्ट

हे शेवटी लिहितोय पण करायचं पहिल्या आठवड्यातच. स्वभावाने एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या दोन भाषा निवडा, जावास्क्रिप्ट आणि गो ही माझी जोडी, एक सगळं चालवून घेते आणि दुसरी टाइपवर अडते. दोन्हीत पन्नास-साठ ओळींचा क्लायंट लिहा जो एका इको एंडपॉइंटला (आलेलं तसंच परत पाठवणाऱ्या पत्त्याला) डेटा पाठवतो, परत आलेला वाचतो आणि जुळवतो. डेटा मुद्दाम कठीण घ्या: दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापुढचा आयडी, दशांशाचे तीन अंक असलेली रक्कम, शून्य मिलिसेकंदांची वेळ, २९ फेब्रुवारी, रिकामी यादी, एकच वस्तू असलेली यादी, नल, रिकामी स्ट्रिंग, 'दऱ्या' दोन्ही पद्धतींनी, इमोजी, नावातलं अधिक चिन्ह. जुळवताना मजकूर नाही, अर्थ जुळवा. हे प्रत्येक बदलानंतर आपोआप चालू द्या, आणि खऱ्या क्लायंटची नवी भाषा आली की तिसरा छोटा क्लायंट जोडा. एखादी तक्रार आली की तिचा डेटा याच फाइलमध्ये एक ओळ म्हणून घाला, आमच्या फाइलमधल्या निम्म्या ओळी तशाच आल्यात.

दहावी पायरी: बदल करताना

नवीन फील्ड जोडलं तर काही तुटत नाही असं आपण धरून चालतो, पण जावाची जेसन वाचणारी जॅक्सन लायब्ररी, दुसऱ्या आवृत्तीत, अनोळखी फील्ड दिसलं की डिफॉल्टने एरर देतं. एनमचंही तेच, स्टेटसच्या यादीत एक नवीन किंमत आली की काटेकोर क्लायंट पूर्ण रिस्पॉन्स नाकारतात. डॉक्युमेंटेशनमध्ये "अनोळखी फील्ड आणि किमती सोडून द्या" असं लिहून भागत नाही, लोक वाचत नाहीत, आणि त्यांचा दोषही नाही कारण त्यांच्याकडे सगळं चालत असतं. म्हणून मी सँडबॉक्समध्ये (क्लायंटला करून बघायला दिलेल्या चाचणीच्या सर्व्हरवर) प्रत्येक रिस्पॉन्सला एक बिनकामाचं फील्ड जोडतो ज्याचं नाव दर वेळी वेगळं असतं, आणि मधूनमधून स्टेटसमध्ये एक अनोळखी किंमत पाठवतो. ज्याचा क्लायंट यावर तुटायचा तो सँडबॉक्समध्येच तुटतो. टीएलएसवाल्यांनी हीच युक्ती ग्रीस नावाने वापरली आहे, आरएफसी ८७०१ मध्ये.

फील्ड काढायचं असेल तर आधी कोण वापरतंय ते कळायला हवं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येक क्लायंटकडून यूझर एजंट हेडरमध्ये ॲपचं नाव, आवृत्ती आणि भाषा मागून घ्या. ब्राउझरमधल्या कोडला तो हेडर सगळीकडे बदलता येत नाही, त्यांना वेगळा हेडर द्या आणि कॉर्समध्ये त्याला परवानगी द्यायला विसरू नका. मग जुनं आणि नवं फील्ड काही महिने सोबत पाठवा, सनसेट हेडरमध्ये (कधी बंद होणार ते सांगणाऱ्या) तारीख द्या, आणि त्या तारखेच्या आधी सँडबॉक्समधून जुनं फील्ड एक दिवसासाठी काढून बघा, कुणाकुणाचे फोन येतात ते यादीत लिहा आणि प्रॉडक्शनला हात लावण्याआधी त्यांच्याशी एकेक करून बोला.